वर्लन टीगनं शिट्टी वाजवली तो शनिवार

वर्लन टीग जन्मानं ओव्हरलीचा आणि लग्नानं हार्लन वेल्सचा. ओव्हरली ओक्लाहोमात, हार्लन वेल्स टेक्सासात. दोन गावांत तेवीस मैलांचं अंतर. मध्ये एक नदी, तिच्यात वर्षाचे दहा महिने नुसती वाळू, आणि राज्याची हद्द, जी रस्त्याचं डांबर बदलतं तेवढ्यावरूनच कळते. माणसं सारखीच, गुरं सारखीच, वारा तर एकच. भांडण काय ते फुटबॉलचं, चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचं.

पोटासाठी वर्लन पवनचक्क्या दुरुस्त करायचा. त्या माळावर गुरांच्या टाक्यांत पाणी येतं ते चक्कीनं. चक्की थांबली की तिसऱ्या दिवशी गुरं हंबरायला लागतात आणि मालक वर्लनला फोन लावतो. चाळीस फुटांची शिडी चढून, कमरेला पट्टा आवळून तो काम करायचा आणि वरूनच खाली मालकाशी गप्पा मारायचा. उंच, काटकुळा माणूस, मान जरा पुढे काढून चालायचा. बोलणं कमी आणि सावकाश. त्याला रागावलेला कुणी पाहिला नव्हता. त्याची बायको नेडीन म्हणायची, "रागावतो ना! पण त्याला राग यायला इतका वेळ लागतो, की तोवर समोरचा माणूस घरी जाऊन जेवलेला असतो."

खरा जीव मात्र पंचगिरीत. शाळेत असताना वर्लन खेळाडू म्हणून अगदीच सुमार होता. पायाला वेगच नव्हता. पण मैदानावरून त्याचं मन काही हलेना. बाविसाव्या वर्षी तो ओक्लाहोमात पंच झाला आणि बावीस वर्षं त्यानं तिकडच्या शाळांचे सामने केले. मग सासरे आजारी पडले, नेडीनला माहेरी यावं लागलं, आणि तिच्यामागून वर्लन हद्द ओलांडून हार्लन वेल्सला आला. तिथे त्यानं पुन्हा पहिल्यापासून परीक्षा दिली. कारण खेळ तोच असला तरी दोन राज्यांच्या शाळांची नियमांची पुस्तकं वेगळी. नेडीन शाळेच्या वाचनालयात होती. सकाळी तो दाढी करायला लागला की ती न्हाणीघराच्या दारात पुस्तक घेऊन उभी राहायची आणि एकेक प्रश्न विचारायची. उत्तर चुकलं तर म्हणायची, "हे ओक्लाहोमाचं झालं. आता टेक्सासचं सांग."

सगळ्यात जास्त वेळा तो चुकला तो एकाच प्रश्नावर. टचडाउन झालं, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपार नेऊन सहा गुण मिळवले, की त्या संघाला एका जादा गुणासाठी किक मारायला मिळते. एक जण गुडघ्यावर बसून चेंडू धरतो, दुसरा मारतो, दोन खांबांच्या मधून गेला की गुण. बहुतेक वेळा जातोच. लोक तेवढ्यात सरबत आणायला उठतात. पण कधीतरी समोरच्यांपैकी एखादा धिप्पाड पोरगा हात उंचावतो आणि चेंडू त्याच्या पंजावर आदळून खाली पडतो. ओक्लाहोमाच्या शाळांत असा चेंडू अडला की मेला. पंचानं शिट्टी वाजवायची, विषय संपला. टेक्सासात तो चेंडू जिवंत. ज्याला सापडेल त्यानं उचलावा आणि पळावं. अडवणाऱ्यांनी तो पार दुसऱ्या टोकाला नेला तर उलट त्यांनाच दोन गुण.

"इकडे अडलेला चेंडू मरत नाही," नेडीन म्हणायची.

"मरत नाही," गालावर साबण लावलेला वर्लन म्हणायचा.

"मग शिट्टी?"

"गप्प."

तेरा वर्षं ती शिट्टी गप्प राहिली. तेरा वर्षांत टेक्सासच्या मैदानांवर त्याच्यासमोर सात वेळा किक अडली आणि सातही वेळा त्यानं ओठ घट्ट मिटून चेंडूमागे धाव घेतली. पुढे तर नव्या पंचांना तोच शिकवायला लागला. त्यांना पहिलीच ताकीद असायची, "शिट्टी हातात धरा, तोंडात नको. तोंडात असली की ती तुमच्याआधी बोलते."

हार्लन वेल्स आणि ओव्हरली यांचा सामना वर्षातून एकदाच, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, भर दुपारी. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, आणि ज्याचं मैदान त्याच्या राज्याचे नियम. मुख्य पंच कोण असावा यावरून दोन्ही गावांत पूर्वी वर्षानुवर्षं कुरबूर चालायची. वर्लन हार्लन वेल्सला राहायला आल्यावर ती मिटली. ओव्हरलीवाले म्हणाले, आपल्याच मातीतला आहे. हार्लन वेल्सवाले म्हणाले, आपला जावई आहे. दोघांनाही तो चालायचा. दोघांनाही चालणारी दुसरी गोष्ट त्या मुलखात नव्हती.

दोन हजार तीन साली सामना हार्लन वेल्सला होता. वर्लन तेव्हा सत्तावन्न वर्षांचा. त्या दिवशी वारा असा काही सुटला होता की मैदानाच्या कडेचे झेंडे आडवे झाले होते आणि दातांत वाळू करकरत होती. गाव झाडून सगळं आलेलं. नदीपलीकडून ट्रकमागून ट्रक. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा हार्लन वेल्सचे वीस, ओव्हरलीचे चौदा. मग चाळीस सेकंद उरलेले असताना ओव्हरलीनं टचडाउन केलं. वीस-वीस. आता जादा गुणाची किक. गेली तर ओव्हरली जिंकल्यात जमा.

कुणी सरबत आणायला उठलं नाही.

वर्लन चेंडू धरून बसणाऱ्या पोराच्या मागे, थोडा उजवीकडे उभा होता. समोर ओव्हरलीचे नारिंगी सदरे. हाच रंग त्यानंही कधीकाळी अंगावर घातला होता. धुळीमुळे त्यानं एकदा तोंड पुसलं. चेंडू मागे आला, टेकला, पोरानं पाय मारला, आणि लगेच थप्प असा आवाज झाला. हार्लन वेल्सच्या पोराच्या तळव्यावर चेंडू आदळला होता.

बावीस वर्षं त्या आवाजाचा वर्लनच्या अंगाला एकच अर्थ ठाऊक होता.

शिट्टी वाजली. ती कुणी वाजवली हे पाहायला त्यानं खरंच मान वळवली. मग दातांना तिचा गारवा जाणवला.

चेंडू अजून जमिनीवर होता, गोल गोल गडगडत. शिट्टी ऐकून ओव्हरलीची पोरं थांबली, सरळ उभी राहिली. हार्लन वेल्सचीही थांबली. एक सोडून. एमिलिओ बर्रागान नावाचा एक बारकासा पोरगा, शाळेच्या शेवटच्या वर्षातला, तीन वर्षं राखीव म्हणून जवळजवळ बाकावरच बसलेला. त्याला वाऱ्यात शिट्टी ऐकूच आली नाही. त्यानं पळता पळता चेंडू उचलला आणि तो सुटला. जवळजवळ नव्वद यार्ड एकटा पळाला. त्याच्या मागे कुणीच नव्हतं, पण त्याला ते माहीत नव्हतं. तो जीव तोडून पळत होता, आणि अर्धं गाव बाकांवर उभं राहून ओरडत होतं. त्या अर्ध्या गावालाही शिट्टी ऐकू आली नव्हती. पलीकडच्या टोकाला पोचून त्यानं वळून पाहिलं तेव्हा मैदानाच्या मध्यावर वर्लन दोन्ही हात डोक्यावर हलवत उभा होता.

पाचही पंच एकत्र जमले. वर्लन म्हणाला, "शिट्टी माझी. मीच वाजवली."

लॉनी प्रूइट हा त्याच्या जोडीचा दुसरा पंच. नऊ वर्षं बरोबर काम केलेलं. खत विकायचा, डोकं तल्लख, जीभ गोड. तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघ वर्लन, नीट ऐक. तू शिट्टी वाजवलीस तेव्हा चेंडू पोराच्या हातात होता."

"नव्हता."

"होता म्हण. हातात होता म्हटलं की पुस्तक काय सांगतं? तो प्रयत्न तिथेच संपला. कुणाला गुण नाही. वीस-वीस. उरलेली चाळीस सेकंदं खेळू देत, जे होईल ते त्यांच्या नशिबानं होईल. तुझ्या शिट्टीनं नाही."

"आणि जमिनीवर होता म्हटलं तर?"

लॉनीनं सुस्कारा सोडला. "तर किक पुन्हा. तुला माहितीये ते."

"जमिनीवर होता, लॉनी."

"मला दिसलं ते. पण दोन गावं बघतायत. एक तुझं जन्माचं आहे. तू आत्ता त्यांना दुसऱ्यांदा किक दिलीस आणि ती गेली, तर लोक काय म्हणतील याचा विचार कर. मी शपथेवर सांगेन हातात होता. चौघंही सांगू."

बाकीच्या तिघांनी बुटांकडे पाहिलं. नाही कुणी म्हणालं नाही.

नंतर बऱ्याच वर्षांनी नेडीननं विचारलं तेव्हा वर्लन म्हणाला, की तेव्हा त्याच्या मनात मोठं असं काही आलं नव्हतं. सगळा वेळ डोळ्यांपुढे तो गडगडणारा चेंडू होता, आणि तो कुणाच्या हातात आहे असं काही केल्या दिसेना. म्हणून मग तो हार्लन वेल्सचा कोच वेड स्टॉलकप याच्याकडे चालत गेला. स्टॉलकप तांबड्या तोंडाचा, बैलासारख्या मानेचा माणूस.

"कोच, चूक माझी आहे. चेंडू जिवंत होता, मी मारला. शिट्टी झाली तेव्हा तो कुणाच्याच ताब्यात नव्हता. किक पुन्हा होईल."

स्टॉलकपनं मैदानाच्या टोकाकडे बोट दाखवलं. "पुन्हा? माझा पोरगा तिकडे पोचलाय! बघ, तिकडे उभा आहे! दोन गुण आहेत ते माझे!"

"असते. मी शिट्टी वाजवली नसती तर."

"तू टेक्सासात आहेस, वर्लन! ओक्लाहोमात नाहीस!"

"माहीत आहे मला," वर्लन म्हणाला. "तेच तर चुकलं."

किक पुन्हा झाली. ती खांबांच्या बरोबर मधून गेली. एकवीस-वीस. चाळीस सेकंदांत पुढे काही झालं नाही.

त्या संध्याकाळी नेडीननं जेवण वाढलं, तो जेवला नाही. ती काही बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. शेवटी तोच म्हणाला, "बोल ना काहीतरी."

"काय बोलू? तेरा वर्षं न्हाणीघराच्या दारात उभी राहिले मी." मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शिट्टी तोंडात कशी आली?"

"धूळ पुसायला तोंडावर हात नेला. हातात शिट्टी होती. राहिली तिथेच."

"एवढंच?"

"एवढंच."

तेवढ्यात फोन वाजला. ओव्हरलीहून थोरला भाऊ डॉइल. मागे पोरांचा, ट्रकच्या भोंग्यांचा गलका. "वाह रे वाह! शेवटी रक्त बोललंच! इकडे सगळे तुझ्या नावानं ओरडतायत. गुरुवारी ये, सगळा गाव जेवायला जमतोय, तुझी खुर्ची पहिल्या रांगेत."

"मी तुम्हाला मदत नाही केली, डॉइल. मी चुकलो."

"हो रे हो, चुकलास. कळलं!" डॉइल हसत सुटला. "पुढच्या वेळी पण असाच चुक."

वर्लननं फोन ठेवला. नेडीन म्हणायची, चाळीस वर्षांच्या संसारात त्याला रागावलेला तिनं पाहिला तो तेवढाच. तो उठला, परसात गेला, आणि अंधार पडेपर्यंत तिथल्या जुन्या चक्कीचे सगळे बोल्ट त्यानं काढले आणि पुन्हा बसवले. चक्कीला काहीही झालेलं नव्हतं.

रविवारी त्यानं पंचांच्या मंडळाला स्वतःविरुद्ध अर्ज लिहिला. काय झालं, कुणामुळे झालं, चेंडू कुठे होता. लॉनीचं नाव त्यात नव्हतं. मंडळानं त्याला दोन आठवडे मैदानापासून दूर ठेवलं. त्यानं चार मागितले होते.

सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा सेलियाच्या हॉटेलात गेला. नेडीन म्हणाली होती, "आज घरीच खा." तो म्हणाला, "आज नाही गेलो तर उद्या जाणं अवघड होईल." सेलिया बर्रागान ही एमिलिओची आई. तिच्या हातची हिरव्या मिरचीची अंडी वर्लन दहा वर्षं रोज सकाळी खात होता. दार उघडून तो आत गेला आणि सगळ्या माना वळल्या. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं हळूच शीळ घातली. बाकीचे खिदळले.

सेलियानं त्याच्यापुढे कॉफी ठेवली. अंडी आणली. वर्लननं पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. नेहमीच्या तिप्पट मिरची.

"तिखट झालंय का, मिस्टर वर्लन?" सेलियानं विचारलं. ती हात बांधून उभी होती.

"नाही. चांगलंय."

"खरं सांगा. तुम्ही म्हणे खरंच सांगता."

"तिखट आहे, सेलिया. जीव जातोय."

"असू दे. खा." ती पाण्याचा पेला घेऊन आली, पण त्याच्यापुढे ठेवला नाही, हातातच धरला. "माझं पोर तीन वर्षं बाकावर बसलं. एकदा पळालं. घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलंय."

वर्लननं सगळी ताटली संपवली. मग तिनं पाणी दिलं.

त्या महिन्यात गावानं त्याची हौस पुरी केली. तो चक्कीवर चढलेला दिसला की रस्त्यानं जाणारे ट्रकवाले लांबलचक शिट्ट्या मारत जायचे. गुरांच्या खाद्याच्या दुकानातल्या कुत्र्याच्या गळ्यात कुणीतरी शिट्टी बांधली आणि कुत्र्याला वर्लन म्हणून हाक मारायला सुरुवात केली. कुत्रं त्या नावाला ओ द्यायला लागलं, पुढे मरेपर्यंत देत होतं. एका म्हाताऱ्या मालकाची चक्की बंद पडली तर त्यानं हट्टानं चार दिवस टँकरनं पाणी आणलं, वर्लनला बोलावलं नाही. पाचव्या दिवशी बोलावलं. वर्लन वर चढला तसा मालक खालून म्हणाला, "मेलीय की जिवंत आहे, ते नीट बघून सांग हं. घाई करू नकोस."

वर्लन वरून हसला. हसू आलं याचं त्यालाच नवल वाटलं.

बातमी फोडली ती लॉनीनं. तीन आठवडे त्यानं कळ सोसली, मग एका सकाळी सेलियाच्या हॉटेलात म्हाताऱ्यांचा कोपरा वर्लनच्या ओव्हरलीच्या रक्तावर बोलत बसला होता, तेव्हा त्याच्यानं राहवेना. तो उभाच राहिला.

"तुम्हाला काय माहीत आहे? मी त्याला वाट काढून दिली होती. चेंडू पोराच्या हातात होता म्हण, म्हटलं. सामना बरोबरीत राहिला असता, त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. आम्ही चौघंही साक्ष द्यायला तयार होतो. नाही म्हणाला."

"नाही म्हणाला?" एक म्हातारा म्हणाला.

"चेंडू जमिनीवर होता म्हणाला."

 मग दुसरा म्हातारा काठी आपटून म्हणाला, "म्हणजे आपल्याला वाचवायची सोय होती आणि त्यानं वाचवलं नाही?"

"अरे, पण खोटं बोलला नाही ना," तिसरा म्हणाला.

"माझ्यासाठी एकदा बोलला असता तर काय झालं असतं? जावई ना आपला?"

त्या दिवसापासून गावात दोन तट पडले. अर्धं गाव वर्लनवर चुकीसाठी चिडलेलं, अर्धं खरेपणासाठी. लॉनीवर मात्र कुणीच चिडलं नाही, याचं लॉनीलाच वाईट वाटलं. स्टॉलकपनं शाळेच्या चित्रफितीवर तो क्षण दहा-बारा वेळा पाहिला, आवाज मोठा करून. शिट्टी वाजते तेव्हा चेंडू दोन पोरांच्या बुटांमध्ये गडगडतोय, सगळ्यात जवळचा हातही तिथून चार फुटांवर आहे. तो सेलियाच्या हॉटेलात आला, वर्लनसमोरच्या खुर्चीत बसला, आणि म्हणाला, "जमिनीवर होता."

"हो," वर्लन म्हणाला.

"गाढव आहेस तू."

"हो, कोच."

स्टॉलकपनं पीच घालून भाजलेल्या गोड पायचे दोन तुकडे मागवले. एक वर्लनपुढे सरकवला. त्यापलीकडे दोघांत त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही.

पण वर्लनला खरी रुखरुख एमिलिओची. दोन-तीनदा तो पोरगा रस्त्यात दिसला आणि वळून दुसरीकडे गेला. ऑक्टोबरच्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, तो स्वतःच वर्लनच्या ट्रकजवळ येऊन उभा राहिला. अंगात इस्त्रीचा सदरा, नजर खाली.

"मिस्टर वर्लन, एक विचारू?"

"विचार की."

"ते माझं पळणं... कुठे लिहिलंय का? म्हणजे शाळेच्या वहीत वगैरे?"

"नाही. शिट्टीनंतरचं काहीच कुठे लिहीत नाहीत."

"मग किती यार्ड झाले ते पण कुणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे," वर्लन म्हणाला. "अकरा यार्डांच्या रेघेवर उचललास. मैदान शंभरचं, म्हणजे एकोणनव्वद. आणि चाळिसाव्या रेघेजवळ तुझा डावा पाय वळला, तरी पडला नाहीस."

पोरानं मान वर केली. "तुम्ही बघत होतात?"

"शिट्टी वाजवून चुकलो होतो. दुसरं करण्यासारखं काय होतं मला?" वर्लननं टोपी काढली. "एमिलिओ, तुझे ते गुण माझ्यामुळे गेले. मी कितीही माफी मागितली तरी ते परत येणार नाहीत. पण मागतो. मला माफ कर."

आजवर एवढ्या मोठ्या माणसानं एमिलिओची माफी मागितलेली नव्हती.  त्यानं हात पुढे केला, मग मागे घेतला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा पुढे केला. वर्लननं तो दोन्ही हातांनी धरला.

"आई म्हणते, तुम्ही उद्यापासून सांगा किती मिरची घालायची ते," एमिलिओ म्हणाला.

"तिला सांग, आता सवय झालीय."

पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही गावांची बैठक बसली. हार्लन वेल्समधल्या काहींनी दुसरा पंच सुचवला. ओव्हरलीवाले लगेच वर्लनच्या बाजूनं बोलायला लागले, तसा स्टॉलकप उठला. "तुम्हाला तो हवाय म्हणून मी त्याच्या विरोधात मत द्यायला हवं," तो म्हणाला. "पण मला असा पंच हवा, जो स्वतःवर शिट्टी वाजवतो. माझं मत वर्लनला." सेलिया मागच्या बाकावर होती. तिला मत नव्हतं, पण ती मोठ्यानं म्हणाली, "माझं पण."

त्या वर्षी सामना ओव्हरलीला. तिथल्या बाकांवर डॉइलनं भला मोठा फलक लावला होता: 'आपला वर्लन.' सामन्याआधी वर्लन मैदान ओलांडून तिथे गेला, फलक सोडवला, नीट घडी घातली आणि भावाच्या हातात दिला.

"अरे, गंमत रे," डॉइल म्हणाला.

"गंमत मला कळते. आज मी कुणाचा नाही."

"जेवायला तरी येशील ना सामन्यानंतर?"

"जेवायला येईन."

मग त्यानं दोन्ही संघांच्या कप्तानांना बोलावलं. एका बाजूला नारिंगी, एका बाजूला निळे. तो सावकाश म्हणाला, "आज आपण ओक्लाहोमात आहोत. इथे अडलेली किक मेली. शिट्टी झाली की थांबायचं. पोरांनो, हे मला नीट पाठ आहे." निळ्या सदऱ्यातला कप्तान गालातल्या गालात हसला, नारिंगीतला मोठ्यानं.

त्या दिवशी एकही किक अडली नाही. हार्लन वेल्स चौतीस-सहा असं जिंकलं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तर ओव्हरलीचे लोक ट्रककडे निघालेही होते. वर्लन डॉइलकडे जेवला. भावानं ताटात मुद्दाम गारढोण मक्याची भाकरी वाढली आणि म्हणाला, आज तू काहीच मदत केली नाहीस म्हणून. वर्लननं ती खाल्ली आणि दुसरी मागितली.

परतीला नेडीन गाडी चालवत होती. सूर्य अजून माळावर टेकायचा होता. नदीच्या पुलावर तिनं विचारलं, "उद्या या पुलापलीकडच्या रँचवर चक्कीच्या कामाला जायचंय ना तुला? लवकर उठवू का?"

 तिनं वळून पाहिलं तर वर्लन खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. तिनं रेडिओ बंद केला आणि गाडी जरा हळू घेतली.